जिरूला शिस्त लावण्याचे पंचवीस दिवस

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

घरात कुत्री आली. मला न विचारता.

सकाळी वेदिका चप्पल घालून बाहेर पडली तेव्हा माझी बायको मैना आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. पोरगी पहिल्या दिवाळसणाला आली ती मागच्या खोलीत शिरली, त्यानंतर फाटकाबाहेर पाऊल नाही. जावई पाडव्याला जेवला आणि पुण्याला एकटाच परत गेला. हिचं एकच, "मी नाही जात." का, ते सांगत नाही. जावयाला व्यसन नाही, नोकरी चांगली, बोलायला गोड. लग्न होऊन सहा महिने झाले नाहीत. मी खोदून खोदून विचारलं, शेवटी आवाज चढवला, तर जेवणही बंद केलं. हट्टीपणा माझाच घेतलाय, दुसरं काय.

तर ती आज आपणहून बाहेर पडली आणि दोन तासांनी रिक्षातून उतरली ती काखेत कुत्री घेऊन. जिऱ्याच्या रंगाची, आठेक महिन्यांची, एक कान उभा आणि एक पडलेला. अनाथ जनावरांच्या निवाऱ्यातून आणली म्हणे. नाव जिरू.

मी स्पष्ट सांगितलं. एसटीत चौतीस वर्षं मी चालकांना शिकवलं. शिस्तीशिवाय या घरात माणूस राहिला नाही, कुत्रं कुठून राहणार? दत्तजयंतीपर्यंत मुदत. तोवर 'बस', 'थांब' आणि 'ये' हे तीन हुकूम पाळले, घरात घाण करणं थांबलं, तर राहील. नाहीतर पिंपळगावला कारभारीच्या द्राक्षमळ्यावर रवानगी. कारभारी म्हणजे मैनेचा भाऊ.

"चालेल अप्पा," वेदिका म्हणाली. "दोघं मिळून शिकवू."

नोकरीत प्रत्येक उमेदवाराची मी वही ठेवायचो. तशीच ही ठेवतोय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सामान आलं. एवढं सामान वेदिकाच्या बारशालाही आलं नव्हतं. गळ्याचा पट्टा, छातीचा पट्टा, लांब दोरी, तारेचा घडीचा पिंजरा, शू करायच्या चौकोनी गाद्या, चावायला रबरी हाड, खाऊची कमरेला बांधायची पिशवी आणि एक टिकटिक वाजणारं बटण. कुत्रीने बरोबर केलं की आधी बटण वाजवायचं, मग लगेच खाऊ द्यायचा, असा नियम. ओरडायचं नाही, मारायचं नाही. म्हणजे कामाआधीच बक्षीस तयार! मी असे चालक घडवले असते तर सप्तशृंगीच्या घाटात रोज एक गाडी दरीत गेली असती.

वेदिकाने फ्रिजवर एक इंग्रजी कागद लावलाय. काय खायला द्यायचं नाही त्याची यादी. भली लांब आहे. "अप्पा, एकदा वाचा हं," म्हणाली. कुत्र्याला काय चालतं हे आता मी कागदावरून शिकू? आमच्या गावी कुत्री उकिरड्यावर जगली आणि पंधरा-पंधरा वर्षं जगली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला धडा. निकाल शून्य.

मी अंगणात उभा राहून "बस" म्हणालो. जिरू माझ्याकडे बघून शेपूट हलवत राहिली. पुन्हा म्हणालो. मग शिट्टी वाजवली आणि गाडी थांबवायला करतो तसा हात एकदम वर केला. कुत्री सुसाट पलंगाखाली. गंमत म्हणजे दाराशी उभी असलेली वेदिकासुद्धा डोक्यावर हात धरून मागे सरकली. मी म्हटलं, "तुला काय झालं गं? तुला थोडीच शिकवतोय?" तिने आत जाऊन खोलीचं दार लावून घेतलं. मैना माझ्याकडे बघत बसली, जणू मी काही गुन्हा केलाय.

या घरात सगळ्यांच्याच मनाचं काचेचं भांडं झालंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

माझ्या सँडलमध्ये शू केली. गादी हातभर अंतरावर होती.

पण दुसरी गोष्टही लिहायला हवी. वेदिका सकाळ-संध्याकाळ तिला मैदानावर नेते. काल समोरच्या बाईंशी दोन मिनिटं बोलली. आज जिरू पट्ट्यासकट कपडे वाळत घालायच्या दोरीत अडकली, तेव्हा वेदिका हसली. मोठ्याने. मैना कणीक मळता मळता थांबली आणि पदराने डोळे पुसून परत मळायला लागली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तेरा दिवस उरले. वेदिकाने म्हटलं की बसते, बटण वाजतं, खाऊ मिळतो. मी म्हटलं की जांभई देते. पाकिटातला तो खाऊ माझ्या हातून तोंडातसुद्धा घेत नाही.

खरं लिहितो, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. मला आता ही कुत्री इथेच राहायला हवी आहे. ती गेली तर पोरगी पुन्हा खोलीत जाईल आणि या वेळी बाहेर येणार नाही, अशी भीती बसलीय. पण मुदत मी घातली, परीक्षा मी ठरवली. आता 'राहू दे' म्हणालो तर मग आजवर ज्यांना नापास केलं त्यांचं काय? दिलेला शब्द गिळायची मला सवय नाही. तेव्हा जिरूलाच पास व्हावं लागेल.

२६ नोव्हेंबर, बुधवार. चंपाषष्ठी

मैना चातुर्मासापासून कांदा, लसूण, वांगं घरात आणत नाही. ते आज सुटतं. कारभारी सकाळीच पिकअप घेऊन आला, मळ्यातली वांगी, कांद्याच्या पातीच्या जुड्या आणि नवा लसूण घेऊन. तो, मी आणि गल्लीतले तिघं अशा पाच जणांनी तळी उचलली, येळकोट केला. बाजरीचे रोडगे आणि पातीचं भरीत असा नैवेद्य झाला. मग देवाच्या कुत्र्याचं पान. दरवर्षी गल्लीत कुत्रं शोधत फिरावं लागतं, या वर्षी घरातच होतं. मी जिरूच्या कपाळाला भंडारा लावला आणि पान पुढे ठेवलं. वेदिका तेव्हा अंघोळीला गेली होती.

काय सांगू! पान चाटून पुसून लख्ख केलं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली, डोळे माझ्या बोटांवर. मी सहज म्हणालो, "बस."

बसली!

पुन्हा म्हणालो, पुन्हा बसली. भरिताचं बोट चाटवलं. तीनदा करून पाहिलं, तीनदा बसली.

कारभारी हसायला लागला. "दाजी, कुत्रं हाय ते. त्याला काय शाळा घालायची? दत्तजयंतीला येतोच मी, मंग घिऊन जातो मळ्यावर. तिथं लय मोकळं हाय. आमच्या मल्ल्या कुत्र्याला पण सोबत व्हईल."

मी म्हटलं, घोडामैदान जवळच आहे, बघूच.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

स्टीलची छोटी डबी शोधली. त्यात रोडगा कुस्करून, भरीत कालवून, सुपारीएवढ्या गोळ्या केल्या. डबी सदऱ्याच्या खिशात. मैनेने दोन दिवसांचं भरीत करून ठेवलंय, कोणाला कळतंय? 'बस' दहापैकी नऊ.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

'थांब' जमलं. मी फाटकापर्यंत गेलो, ती जागची हलली नाही. वेदिका आली आणि बघतच राहिली. "अप्पा, काय जादू केलीत?" मी म्हटलं, "आवाजात जरब लागते. तुमच्या बटणाने काय होतंय." ताकाला जाऊन भांडं लपवणं यालाच म्हणतात. पण काय बिघडलं? ज्यात सगळ्यांचं भलं ते लपवलेलं बरं.

आज वेदिकाने जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन केला. नाशिकमध्ये काम आहे का विचारत होती. जावयाकडे परत पाठवायचं तर नोकरी इथे कशाला? पण पोरगी फोनवर ताठ आवाजात बोलत होती म्हणून मी मधे पडलो नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

'ये' जमलं. लांब दोरी सोडून, मैदानाच्या त्या टोकावरून. वेदिकाने माझा हात धरून दाबला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची, त्यानंतर आजच.

मैनेला पुन्हा भरीत करायला लावलं. "एवढं आवडायला लागलं तुम्हाला?" म्हणाली. म्हटलं, चार महिन्यांचं साठलंय.

३० नोव्हेंबर, रविवार

आज उमेदवाराची गडबड. 'ये' म्हटलं तर आली, पण रमतगमत. अर्ध्या वाटेत बसली. हे नखरे मला ठाऊक आहेत. कौतुक झालं की चालकसुद्धा असेच सुस्त व्हायचे. गोळ्या मोठ्या केल्या, वरून कच्ची पात बारीक चिरून घातली. खाल्ल्या, पण पहिल्यासारखी झडप नाही.

१ डिसेंबर, सोमवार

मैदानावर निम्म्यात खाली बसली. पट्टा ओढला तरी उठेना. चार पावलं ओढत नेली, मग लाज वाटून सोडून दिलं. वेदिका म्हणते, "अप्पा, तिच्या हिरड्या पांढऱ्या दिसतायत. आणि किती धापा टाकतेय बघा." मी म्हटलं, लाड. दत्तजयंती तीन दिवसांवर आली आणि आत्ता हिला ढोंग सुचतंय.

दुपारी बाकीच्या गोळ्या तिच्या तोंडात बोटाने सारल्या. ताकद यावी म्हणून. गिळल्या तिने, माझ्याकडे बघत बघत.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी गादीवर शू केली ती काळ्या चहाच्या रंगाची. वेदिकाने किंकाळी फोडली. जिरू उठायला गेली आणि मागचे पाय घसरून पडली.

रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टर आलिमा शेख म्हणून तरुण मुलगी आहे. डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, हिरड्या बघितल्या, रक्त काढलं. आतल्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली काच घालून बघून आली आणि आम्हा तिघांसमोर उभी राहिली.

"काका, हिला कांदा कोण देतंय?"

वेदिका आईकडे आणि माझ्याकडे बघायला लागली.

"कांदा किंवा लसूण. कच्चा, शिजवलेला, पात, काहीही. कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. एकदा चुकून खाल्ला असं दिसत नाही, चार-सहा दिवस रोज पोटात गेलाय. चंपाषष्ठीनंतर माझ्याकडे ही तिसरी केस आहे. पण बाकीच्या दोघांनी एकदाच नैवेद्य खाल्ला होता. हिचं रक्त निम्म्याच्या खाली आलंय."

वेदिका म्हणाली, "शक्यच नाही. मी फ्रिजवर यादी लावलीय. सगळ्यात वर कांदा लिहिलाय."

डबी तेव्हाही खिशात होती. मी बोलायला तोंड उघडलं, देवाशपथ उघडलं होतं, आणि तेवढ्यात मैना म्हणाली, "मी दिलं असेल. ताटातलं उरलेलं. मला कुठं वाचता येतं इंग्रजी."

वेदिका आईवर अशी तुटून पडली की बाहेर बसलेले लोक वाकून बघायला लागले. "तुला सांगितलं नव्हतं? या घरात माझं एक तरी कोणी ऐकतं का? एकच गोष्ट होती माझी, एकच!" मैना पदर तोंडाशी धरून ऐकत उभी राहिली.

मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होतो. सगळा वाचला. चौतीस वर्षं उमेदवारांना सांगितलं, अपघात झाला की आधी गाडीतून उतरून समोर उभं राहायचं, पळणारा चालक माझा नाही.

३ डिसेंबर, बुधवार

रक्त आणखी उतरलं. सलाईनवर भागणार नाही, दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागेल, नाहीतर उद्याचा दिवस काढेल याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. कुत्रं पंचवीस किलोच्या वर हवं, तरणं, लसी टोचलेलं.

मी कारभारीला फोन लावला. दीड तासात मल्ल्याला पिकअपच्या पुढच्या सीटवर बसवून आला. डॉक्टरांनी विचारलं, याला खायला काय देता? "भाकर आन ताक." कांदा? "नाय ओ, वास आला तरी पळतं ते." एवढ्या काळजीतही डॉक्टर हसल्या. रक्त जुळतंय का ते बघितलं, जुळलं. मल्ल्या टेबलावर आडवा झाला, कारभारी त्याच्या कानात "माझा राजा, माझा राजा" म्हणत राहिला. एवढा रांगडा गडी, आवाज लोण्यासारखा. असा आवाज मी कधी कोणासाठी काढला नाही.

जिरूला रक्त चढवलं. वेदिका तिच्याजवळ जमिनीवर बसून आहे. मैनेने डबा पाठवला होता, तो तिने न उघडता परत दिला.

घरी आलो तेव्हा मैना ओट्याशी उभी होती. मी विचारलं, "तू का म्हणालीस तू दिलंस म्हणून?"

"तुमचे सदरे कोण धुतं?" ती म्हणाली. "खिशाला भरिताचं तेल, तळाशी पात. शनिवारीच कळलं होतं मला."

"मग स्वतःवर का घेतलंस?"

"पोरगी तुमच्यावर ओरडली असती तर तुम्ही दुप्पट ओरडला असतात. मग ती घरातून गेलीच असती." पातेलं घासता घासता म्हणाली, "आणि वाटलं, मी म्हटल्यावर तरी तुम्ही म्हणाल, नाही, मी दिलं. मी थांबले होते तुमच्यासाठी. लग्नापासून थांबतेच आहे."

मी तिच्या हातातलं पातेलं घेऊन घासायला लागलो, तर तिने काढून घेतलं.

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती

सकाळी आठला दवाखान्यात. जिरू पाणी प्याली होती. हिरड्या अजून फिक्या, पण कालच्यासारख्या पांढऱ्या नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, चोवीस तास निभावले तर आशा आहे, त्याआधी काही बोलणार नाही.

कारभारी मल्ल्याच्या तब्येतीसाठी रात्रीपासून इथेच राहिलाय. म्हणाला, "दाजी, मुदत आज संपली की. बरी झाल्यावर घिऊन जाऊ का मंग मळ्यावर?"

"मुदत गेली चुलीत," मी म्हणालो. "जिरू कुठे जात नाही."

वेदिकाने ऐकलं, पण मान वर केली नाही. कारभारी चहाला गेला. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. गुडघे वाजले. जिरूने माझा वास घेतला आणि शेपटीचं टोक एकदा हललं.

"आईने नाही दिलं," मी म्हणालो. "मी दिलं. रोज. जिरूने परीक्षेत पास व्हावं म्हणून भरिताच्या गोळ्या करून देत होतो. सोमवारी नको म्हणत होती, तर बोटाने तोंडात कोंबल्या."

वेदिका सलाईनचे थेंब बघत होती.

"आईला मी काय काय बोलले. तुम्ही समोर होतात."

"होतो."

"आणि बोलला नाहीत."

"नाही."

"का?"

दहा कारणं तयार होती, रस्ताभर जुळवली होती. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. "भीती वाटली गं," मी म्हणालो. हा शब्द स्वतःसाठी मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला असेन. "आजवर सगळ्यांना चुका दाखवत आलो. माझी चूक कशी सांगायची ते मला येतच नाही. चुकलो मी, वेदू."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडायला हवं होतं. ती जिरूच्या पडलेल्या कानावरून बोट फिरवत राहिली आणि हळूच म्हणाली, "मलाही भीतीच वाटायची, अप्पा."

"कशाची?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं, मी खरंच विचारतोय का ते बघावं तसं. मग सांगायला लागली. मी एकदाही मधे बोललो नाही. त्या माणसाने तिला कधी, कशावरून आणि कशाने मारलं ते सगळं मी ऐकलं. ते या वहीत लिहीत नाही, ते तिचं आहे. माझा गोड बोलणारा जावई. मैनेला मी संध्याकाळी सांगायला गेलो, तर तिलाही ते नुसतं संशयापुरतं माहीत होतं.

एक गोष्ट मात्र माझी आहे, ती लिहिली पाहिजे. ऑगस्टमध्ये राखीच्या आदल्या दिवशी वेदिकाने घरी फोन केला होता. मैना देवळात गेलेली, म्हणून मी घेतला. "अप्पा, मी थोडे दिवस घरी येऊ का?" एवढंच तिने विचारलं. मी म्हणालो, नव्या नवरीने सारखं माहेरी पळू नये, लोक नावं ठेवतात. संसारात थोडं सोसायला शीक. आणि जेवायला बसलो.

तिला तो फोन शब्दन्‌शब्द पाठ आहे, वेळेसकट. मला तो आठवतही नव्हता.